भाव ठरतो तो साचा भरण्याआधी

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी जिते सोडून पेणला पोचण्याआधी हमरापूरला थांबते. या स्थानकाच्या आसपास हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे अशी गावे आहेत. तिथे घराला लागून शेड आणि शेडमध्ये गणपतींच्या रांगा हे दृश्य वर्षातले बहुतेक महिने दिसते. इथला माल मुंबई-पुण्यात जातो, परराज्यांत जातो आणि परदेशातही जातो. घरची माणसे, गावातल्या बायका, आदिवासीवाडीवरची तरुण मुले आणि उत्तर प्रदेश, बिहार, बंगालकडून आलेले कारागीर यांच्या हातांवर हा धंदा चालतो. साचा भरणे, मूर्ती काढणे, सांधे बुजवणे, पॉलिशपेपरने घासणे, स्प्रेने रंग मारणे, डोळ्यांची आखणी ही कामे वेगवेगळ्या हातांनी होतात आणि प्रत्येक कामाचा भावही वेगळा असतो. हा लेख त्या हातांसाठी आहे. त्यांच्या अर्जांना मदत करणारे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, बचतगटाच्या ताई यांनाही तो उपयोगी पडेल. संघटना कशी करावी याचे फॉर्म आणि कलमे पुढे येतीलच, पण आधी ती केव्हा करावी याचा विचार करू. हंगामी धंद्यात मजुराचे बळ पंचांगावर अवलंबून असते आणि ते बळ बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यात खर्ची पडते, असे माझे म्हणणे आहे.

चतुर्थीची तारीख कोणालाच पुढे ढकलता येत नाही. पावसाळ्यात मूर्ती लवकर वाळत नाही. परदेशी जाणारा माल तर काही महिने आधीच निघावा लागतो. मालकाला माणसांची सर्वांत जास्त गरज शेवटच्या दीड-दोन महिन्यांत असते, त्यामुळे अडवून धरायचे तर तेव्हाच धरावे असे कुणालाही वाटेल. पण त्या वेळी मालकाने ऑर्डरी जुन्या भावाने घेतलेल्या असतात, आगाऊ रक्कम खर्चून टाकलेली असते आणि वाढीव मजुरी द्यायची तर ती स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. मग तो चिडून एखाद-दुसऱ्याला चार पैसे वाढवून देतो, बाकीच्यांना आश्वासन देतो आणि गणपती गेल्यावर हिशेबाला बसताना ते आश्वासन विसरतो. उलट विसर्जनानंतर, नव्या ऑर्डरी घेण्याआधी मजुरीचा भाव ठरलेला असेल, तर तो मूर्तीच्या किमतीत धरता येतो. गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी कारागिराचा भाव ठरला पाहिजे, हे साधे व्यवहारज्ञान आहे.

काम वेळेशी बांधलेले असले की सामुदायिक भाव किती प्रभावी ठरतो, याचा पुरावा आपल्याच कोकणपट्टीत आहे. 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांनी गवतकापणीचा भाव मागितला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभा त्यांच्यामागे उभी होती. गवत वाळून कडक होण्याआधी कापावे लागते, ही सावकार-जमीनदारांची अडचण होती. पण ती अडचण काही त्या वर्षी नव्याने आली नव्हती. नवे होते ते हे की गावोगावचा वारली एकच आकडा बोलत होता. तळवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली, तरी तो आकडा मोडला नाही आणि शेवटी तो भाव मिळाला. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक अनेकांनी वाचलेले असते. त्यातला शौर्याचा भाग लक्षात राहतो आणि पाचशे पौंडांचे माप विसरले जाते. माझ्या मते शिकण्यासारखे ते मापच आहे. ‘योग्य मजुरी द्या’ ही मागणी टोलवता येते. अमुक वजनाला अमुक पैसे ही मागणी मोजता येते, तपासता येते आणि शंभर ठिकाणी सारखी म्हणता येते.

हमरापूरला ते माप म्हणजे दरपत्रक. गणपती गेल्यानंतरच्या पंधरवड्यात, बाहेरगावचे लोक घरी परतायच्या आत, निदान पाच-सहा शेडमधल्या कारागिरांनी एकत्र बसून ते लिहावे. मूर्तीच्या उंचीप्रमाणे टप्पे पाडावेत, कारण एक फुटाच्या मूर्तीचे घासकाम आणि चार फुटांच्या मूर्तीचे घासकाम यांत चौपटीहून जास्त फरक पडतो. मग प्रत्येक टप्प्याला साचा भरण्याचा, घासण्याचा, रंगाचा आणि आखणीचा वेगळा नगावरचा भाव लिहावा. भांडणे खरी कुठे होतात, तर भावावर कमी आणि भावाच्या आजूबाजूला जास्त. हात तुटलेली मूर्ती कोणाच्या खात्यात? साचा जुना होऊन माल खराब निघाला तर तो दोष कारागिराचा का? वीज गेल्यामुळे कंप्रेसर बंद पडला, त्या दिवसाचे काय? जेवणाचे आणि राहण्याचे पैसे कापायचे तर किती? रात्रपाळी लागली तर कोणत्या भावाने? घरी जायचे भाडे कोण देणार? या प्रश्नांची उत्तरे एकेका ओळीत दरपत्रकात आली पाहिजेत. आणि नगावरच्या भावाची एक सोपी परीक्षा घ्यावी. मध्यम हाताचा कारागीर आठ तासांत किती नग काढतो ते चार-पाच दिवस मोजावे, त्याला भावाने गुणावे आणि आलेली रक्कम सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाशी ताडून पाहावी. ती कमी भरली तर भाव बेकायदा आहे. नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशेबाने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, असे वेतन संहिता सांगते. एखादा चपळ कारागीर त्याच भावात भरपूर कमावतो, हे त्यावर उत्तर होत नाही, कारण किमान वेतन चपळाईचे बक्षीस नसते.

इथे एक शब्द सोडवून घेतला पाहिजे. हमरापुरात आठ माणसांच्या शेडलाही कारखाना म्हणतात, पण कायद्यातला कारखाना वेगळा आहे. विजेवर चालणारा असेल तर वीस आणि विजेविना असेल तर चाळीस कामगारांपासून तो सुरू होतो. त्यामुळे ‘आमचा धंदा लहान, आम्हाला कामगार कायदे लागत नाहीत’ हे वाक्य सर्रास ऐकू येते आणि ते अर्धेच खरे आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता अंमलात आल्या आणि जुने बरेच कायदे त्यांत विरले. त्यांतली वेतन संहिता माणसांच्या संख्येवर थांबत नाही. किमान वेतन, वेळेवर पगार, जादा तासांना दुप्पट दर आणि पगाराची पावती हे दोन माणसांच्या शेडलाही लागू आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत आणि काम सोडल्यावर किंवा काढल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब, असे तिचे म्हणणे आहे. हंगामभर थोडी थोडी खर्ची देऊन उरलेले सगळे ‘गणपतीनंतर’ देण्याची पद्धत कुठे असेल, तर ती कितीही जुनी असली तरी कायद्यात बसत नाही. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ज्याच्या जागेत काम झाले त्याच्यावर देण्याची जबाबदारी येते. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि तो संघटनेलाही करता येतो. सिद्ध झाल्यास मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई मंजूर करण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे. लहान शेडला न लागणाऱ्या गोष्टीही आहेत, त्याही माहीत असाव्यात. नेमणूकपत्र आणि सुरक्षेच्या तरतुदी साधारणपणे दहा माणसांपासून पुढे लागतात. परराज्यातून आलेल्यांना गावी जाऊन येण्याचे भाडे मिळण्याची तरतूदही, तसे दहा जण असतील तिथेच चालते. पूर्वी ती ठेकेदाराने आणलेल्यांपुरती होती. आता स्वतःहून आलेलेही तिच्यात मोडतात, मात्र महिन्याच्या 18,000 रुपयांची वेतनमर्यादा आहे. लहान शेडमध्ये हीच गोष्ट दरपत्रकात मागून घ्यावी लागते. प्लास्टरची धूळ आणि स्प्रेचा रंग शेडमधली माणसे मोजून फुफ्फुसात जात नाही. तेव्हा मास्क, खेळती हवा आणि रंगकामाची जागा राहण्या-झोपण्यापासून वेगळी, या तीन ओळी दरपत्रकात असायलाच हव्यात.

मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. तरीही स्वतःची वही ठेवा. वहीमुळे भांडणाचा विषय बदलतो. वही नसली की कोण खोटे बोलतो यावर भांडण होते, वही असली की कोणत्या तारखेचे नग मोजायचे राहिले यावर होते. रोज संध्याकाळी तारीख, उंची, काम, नग आणि मिळालेली खर्ची एवढे पाच आकडे लिहायचे. लिहिता न येणाऱ्याने शेजाऱ्याकडून लिहून घ्यावे. आठवड्यातून एकदा मुकादमाची किंवा मालकाची सही घ्यावी, आणि सही देत नसेल तर पानाचा फोटो काढून त्याच दिवशी त्याला मोबाइलवर पाठवावा. पैसे खात्यावर किंवा यूपीआयने मागितले की अर्धी वही आपोआप तयार होते.

उचलीचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. उचल देणारा उपकारकर्ता वाटतो आणि अनेकदा खरेच तो अडीअडचणीला उभा राहिलेला असतो. लग्न, आजारपण, घराचे पत्रे यांसाठी बँक दारात उभी करत नाही, मालक पैसे देतो. म्हणून उचल घेऊच नये असे सांगणे हा पोट भरलेल्याचा उपदेश झाला. पण उचलीचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. पहिल्यात रक्कम लिहिलेली असते, मजुरीतून ठरावीक हप्त्याने कापली जाते आणि बाकी राहिली तरी माणूस दुसरीकडे कामाला जाऊ शकतो. दुसऱ्यात रक्कम मालकाच्या डोक्यात असते, दरवर्षी ती फिटता फिटत नाही आणि ती फिटेपर्यंत जाता येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे वेठबिगारी. त्यासाठी 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे आणि त्या कायद्याने असे कर्ज मुळातच रद्द होते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे ही राज्यघटनेच्या 23 व्या कलमातली सक्तीची मजुरी ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली एशियाड खेळांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात म्हटले आहे. वेठबिगारीची तक्रार कामगार खात्याकडे नेऊन थांबू नका. तिचा अधिकार जिल्हाधिकारी आणि प्रांत यांच्याकडे आहे, म्हणजे आपल्यासाठी अलिबाग आणि पेण किंवा रोहा.

आता संघटना. नोंदणीसाठी सात सभासदांचा अर्ज पुरतो, पण त्या आस्थापनेतल्या किंवा त्या धंद्यातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांत जे कमी असेल तेवढे सभासद हवेत. असंघटित धंद्यातल्या संघटनेचे निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष काम करणारे असावे लागतात, आणि ही अट मला फार शहाणपणाची वाटते. एका शेडची संघटना करू नका, ती एका रात्रीत मोडते. मूर्तिकामाची, गावागावांतल्या शेड मिळून एक करा. प्रत्येक शेडमधून दोन माणसे, त्यांत जिथे बायका रंगकाम करतात तिथे एक बाई, आणि समितीत मराठी, हिंदी, बंगाली बोलणारे आणि कातकरीवाडीवरचा माणूस असा मेळ हवा. बैठक शेडमध्ये न घेता बाहेर घ्या. नोंदणी होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही, दरपत्रकाला नोंदणी लागत नाही.

‘बाहेरचे आले म्हणून आमचा भाव पडला’ ही तक्रार इथे हमखास निघेल. तिच्यात तथ्य आहे, पण कारण उलटे धरलेले आहे. बाहेरचा माणूस स्वस्त पडतो तो त्याचा हिशेब कोणी विचारत नाही म्हणून. त्याची ओळखीची माणसे दूर असतात, भाषा वेगळी असते, राहायची जागा मालकाची असते. त्याला तुमच्याच भावाने पैसे द्यावे लागले, तर केवळ स्वस्त म्हणून त्याला आणण्याचा मोह संपतो. त्याला हाकलून हे साधत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा येतो आणि तोही एकटाच असतो. शिवाय पेण आणि रोह्याच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, काही तर कर्नाटकापर्यंत. तिथे ती ‘बाहेरची’ असतात. एकाच तालुक्यातून मजूर बाहेर जातो आणि त्याच तालुक्यात बाहेरून येतो. जी वागणूक आपल्या माणसाला तिकडे मिळावी असे वाटते, ती इकडे देण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा आक्षेप मालकांचा, आणि तो मी हलका मानत नाही. इथला बराचसा मालक हा कालचा कारागीर आहे. कर्ज काढून तो शेड उभी करतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी सांगितली. त्याच वर्षी करोनामुळे सरकारने मंडळांच्या मूर्तींना चार फुटांची आणि घरगुतींना दोन फुटांची मर्यादा घातली, आणि मोठ्या मूर्ती ज्यांनी आधीच काढल्या होत्या त्यांचा माल पडून राहिला. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, तरी विसर्जनाचा प्रश्न शिल्लक राहिलाच. अशा अनिश्चित धंद्यात मजुरी वाढवायची कशी, असे मालक विचारतो. त्याला उत्तर असे की हीच अनिश्चितता मजुरालाही भोगावी लागते. काम थांबले की मालकाकडे निदान शेड उरते, मजुराकडे परतीचे तिकीटही नसते. आणि दरपत्रक प्रामाणिक मालकाच्या फायद्याचे असते. शेजारची शेड मजुरीत मारून मूर्ती स्वस्त विकते तेव्हा गिऱ्हाईक नीट पैसे देणाऱ्याकडून पळते. सगळ्या शेडना एकच मजुरी लागली तर स्पर्धा कामाच्या सफाईवर येते. मूर्तिकार मालकांनी प्लास्टरबंदीविरुद्ध संघटनाच बांधल्या, निवेदने दिली, कोर्टाची पायरी चढली आणि त्यांना त्यातून काही मिळाले. एकीची गरज मालकांना पटते, तेव्हा ती कारागिरांना का हवी हे त्यांना वेगळे समजावण्याची गरज पडू नये. म्हणून दरपत्रक घेऊन एकेका मालकाकडे जाऊ नका, त्यांच्या संघटनेकडे जा. मूर्ती घेणाऱ्यांना नवा भाव एकाच वेळी कळवणे त्यांना एकत्र सोपे जाते.

संप म्हटले की लोकांना 18 जानेवारी 1982 आठवतो. गिरणी संपात अडीच लाख कामगार उतरले आणि ते उद्ध्वस्त झाले, ही आठवण रायगडच्या कित्येक घरांत ताजी आहे, कारण गिरण्यांत जाणारी माणसे कोकणातलीच होती. पण त्याच जिल्ह्यात 1933 पासून सुमारे सहा वर्षे चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायचे थांबवले होते आणि ते टिकले. दोन्हींतून एकच धडा घ्यायचा तर तो असा, की संपाआधी पोट कसे भरायचे हे ठरलेले हवे. हमरापूरच्या हंगामी कारागिराकडे तेवढी शिल्लक नसते, म्हणून संप हे त्याचे पहिले हत्यार होऊ शकत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे संपाआधी निदान चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तरी तो संपच धरला जातो. बेकायदा संपाला दंड आणि कैद दोन्ही आहे. श्रावणात रागाच्या भरात काम टाकणे याला म्हणूनच मी विरोध करतो. आश्विनात भाव ठरवून घ्या, तो मोडला तर वहीच्या जोरावर दावा लावा. ज्याने मोडला त्याच्या शेडला पुढच्या हंगामात माणूस न देणे हा दबाव आहेच.

‘पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत’ ही भीती मात्र खरी आहे. संघटनेत गेल्याबद्दल काढणे ही अनुचित कामगार प्रथा ठरते, पण हंगामी माणसाला काढावे लागत नाही, नुसते बोलवायचे नाही, आणि ते कोर्टात सिद्ध करणे कठीण. म्हणून अर्जावर एकट्याचे नाव नको, संघटनेचे नाव असू द्या. तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि वेठबिगारीत अडकलेले यांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. रेशनकार्ड गावाकडचे असले तरी धान्य इथल्या दुकानात अंगठा लावून मिळते, ते सोडू नका. शेडमधले जेवण हा एकमेव आधार राहिला की बोलायची हिंमत कमी होते.

वाडीवरून भट्टीला जाणाऱ्यांसाठी हीच पद्धत थोड्या फरकाने वापरा. राज्यातल्या राज्यात गेलात तर परराज्यवाल्यांसाठीची तरतूद तुम्हाला लागत नाही, वेतन संहिता आणि वेठबिगारीचा कायदा मात्र लागतो. गाडीत बसायच्या आधी एका कागदावर भट्टीमालकाचे आणि मुकादमाचे नाव, गाव, फोन, घेतलेली उचल, हजार विटांमागचा भाव आणि परत येण्याचा महिना लिहा. त्यावर मुकादमाचा अंगठा किंवा सही घ्या. एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक वाडीवरच राहणाऱ्या माणसाकडे ठेवा. ठरलेल्या महिन्यात कुटुंब परतले नाही किंवा फोन लागेनासा झाला, तर तोच कागद घेऊन त्याने प्रांत कार्यालयात जायचे.